शिफारस, दाखला आणि वानगी : नोकरी मागण्याच्या रीतींचा थोडा इतिहास

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी परीक्षांत उत्तम यश मिळविलेल्या मुलामुलींची छायाचित्रे छापली जातात आणि ती पाहून प्रत्येक घराला धन्यता वाटते. परंतु छायाचित्र छापून आल्यानंतर दोन-चार वर्षांत त्यांपैकी पुष्कळांपुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. शिक्षण तर झाले. आता नोकरी देणाऱ्यापुढे स्वतःला मांडावयाचे कसे, हा तो प्रश्न होय.

या बाबतीत घरोघरी दोन मते ऐकू येतात. वडील मंडळी म्हणतात, "कोणाची ओळख निघते का ते पाहा." तरुण मंडळी म्हणतात, "ओळखीचे दिवस गेले. आता आपली जाहिरात आपणच करावी लागते." आणि जाहिरात हा शब्द कानी पडताच वडिलांच्या कपाळाला आठी पडते. त्यांचे फारसे चुकते असेही नाही. समर्थांनी आत्मस्तुती करणाऱ्याची गणना मूर्खांत केली आहे आणि तो संस्कार मराठी मनात खोल रुजलेला आहे. तथापि आत्मस्तुती वेगळी आणि वानगी वेगळी. धान्याचा व्यापारी आपला गहू चांगला असल्याचे तोंडाने सांगत बसत नाही. पोत्यातून मूठभर दाणे काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो. नोकरी मागण्याचा इतिहास पाहिला, तर शिफारस, दाखला आणि वानगी या तीन गोष्टींभोवतीच तो फिरताना दिसतो. आज या तिघींचे परस्पर नाते बदलत आहे, आणि ज्ञातिसंस्थेनेही ते समजून घेतले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

शिफारशीचा काळ

शिफारस हा शब्द फारसीतून मराठीत आला. उमेदवार हाही तेथूनच. उमेद म्हणजे आशा. आशा धरून दारी बसलेला तो उमेदवार. मराठेशाहीत शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई, तर बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदाराचा घोडा ही त्याची वानगी, असे म्हणता येईल. कारकुनी करू पाहणाऱ्याला मोडी अक्षराचे वळण व हिशेबाची तयारी लागे. परंतु घोडा असो वा अक्षर, ते पाहिले जाण्याआधी कोणीतरी वजनदार माणसाने नाव काढावे लागे.

इंग्रजी अमलातही हे एकाएकी पालटले नाही. कचेऱ्यांतून विनावेतन उमेदवारी करण्याची चाल होती. मुलगा महिनोन् महिने नकला उतरून देई, जागा रिकामी होण्याची वाट पाही. आणि जागा निघाली म्हणजे साहेबाच्या कानी त्याचे नाव घालणारा कोणी असला, तर त्याचे नशीब उघडे. घरी खाण्यापिण्याची सोय असलेल्यालाच असा धीर धरणे शक्य होते, हे येथे लक्षात ठेवावे.

मुंबईच्या गिरण्यांत शिफारशीला निराळेच रूप आले. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली व १८५६ पासून ती गिरणी चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि कोकणातून व देशावरून माणसे लोटली. या माणसांना कामावर घेणारा मालक नसे, मुकादम असे. त्यालाच जॉबर म्हणत. बायकांच्या खात्यांत नाईकीण असे. मुकादम आपल्या गावचा, आपल्या नात्यागोत्याचा वा आपल्या जातीचा माणूस प्रथम घेई आणि त्याबद्दल दस्तुरीही उकळी. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने आपल्या १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली. मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ साली बदली कामगारांच्या नोंदणीची योजना सुरू केली, तीही बऱ्याच अंशी मुकादमाच्या हातातील ही सत्ता कमी करण्यासाठी.

शिफारशीला नुसती नावे ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. परक्या शहरात उतरलेल्या मुलाला राहावयास खोली, जेवावयास खाणावळ आणि कामाला लावणारा ओळखीचा माणूस हे सारे गावकीने व ज्ञातीनेच पुरविले. आपल्या अनेक घराण्यांचा मुंबईतील पाय याच आधारावर रोवला गेला. पण या व्यवस्थेत दोन दोष होते. ज्याची शिफारस झाली तो जन्मभर मिंधा राहिला. आणि ज्याची झाली नाही, तो कितीही लायक असला तरी फाटकाबाहेरच उभा राहिला.

दाखल्याचा काळ

या दुसऱ्या माणसाला आत येण्यास वाट मिळाली ती परीक्षेच्या दाखल्यामुळे. गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी ऑक्टोबर १८४४ मध्ये ठराव करून सरकारी नोकरीत इंग्रजी शिक्षण घेतलेल्यांना प्राधान्य देण्याचे ठरविले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. साऱ्या मुंबई इलाख्यात पदवीधर चारच असताना पदवी हीच सर्वांत मोठी शिफारस होती, यात नवल नाही.

पुढे व्हर्नाक्युलर फायनल झालेला मुलगा शिक्षक वा तलाठी होऊ लागला, मॅट्रिक झालेला कचेरीत बसू लागला. घरात पूर्वी कोणी नोकरी केलेली नाही अशा मुलालाही छापील कागदाच्या बळावर अर्ज करता येऊ लागला, ही सामाजिक क्रांतीच होती. भारताच्या राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी दिली आणि धर्म, जात, वंश, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून भेद करण्यास मनाई केली. १९६० साली राज्यनिर्मितीबरोबर महाराष्ट्र लोकसेवा आयोग आला. सेवायोजन कार्यालये १९४५ साली युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी निघाली होती. १९४८ पासून ती सर्वांस खुली झाली. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा या कार्यालयांना कळविणे मालकांवर बंधनकारक झाले, परंतु त्यांच्यामार्फतच माणूस घेतला पाहिजे अशी सक्ती त्यात नव्हती. म्हणून नाव नोंदवून वर्षानुवर्षे पत्राची वाट पाहणारे असंख्य तरुण त्या पिढीने पाहिले.

त्याच काळात टंकलेखनाचे वर्ग गल्लोगल्ली निघाले. १९५५ साली गोदरेज कंपनीने भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र बाजारात आणले. वर्तमानपत्रांतील जागांच्या जाहिराती कापून ठेवणे आणि पत्रलेखनाच्या पुस्तकातील नमुन्याबरहुकूम अर्ज टंकलिखित करून धाडणे, हा मध्यमवर्गीय घरांतील नित्याचा उद्योग होऊन बसला. परिणाम असा झाला की, साऱ्यांचे अर्ज एकसारखे दिसू लागले. दाखला थोड्यांजवळ असतो तेव्हा तो बोलतो. सर्वांजवळ असतो तेव्हा तो मुका होतो. दाखल्याचे महत्त्व आजही संपलेले नाही, कारण पुष्कळ दारांत तो दाखविल्यावाचून आत सोडतच नाहीत. परंतु आत गेल्यावर पुढे काय, याचे उत्तर एकटा दाखला देऊ शकत नाही.

वानगीची परंपरा

येथे तीन थोर पुरुषांची उदाहरणे द्यावीशी वाटतात. लिओनार्दो दा विंची याने सुमारे १४८२ साली मिलानचा अधिपती लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी केलेल्या अर्जाचा मसुदा उपलब्ध आहे. जगाला तो चित्रकार म्हणून ठाऊक. पण त्या मसुद्यात त्याने प्रथम हलके पूल, तोफा, वेढ्याची साधने आदी युद्धोपयोगी गोष्टींची कलमवार यादी दिली आणि चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला. मालकाला गरज कशाची आहे, हे त्याने आधी ओळखले होते. आपल्याजवळचे सारेच आधी सांगावयाचे नसते. समोरच्याला हवे ते आधी सांगावयाचे असते.

दुसरे उदाहरण मायकेल फॅरेडेचे. हा लोहाराचा मुलगा लंडनमध्ये पुस्तकबांधणीची उमेदवारी करीत होता. कॉलेजचे शिक्षण नाही, ओळख नाही. विज्ञानाच्या क्षेत्रात काम मिळावे म्हणून त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही. १८१२ साली हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकावयास मिळाली, तेव्हा त्याने त्यांची टिपणे काढली, ती सविस्तर लिहून आकृत्यांसह स्वतः बांधली आणि तो ग्रंथ डेव्हींकडे पाठविला. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत त्याची साहाय्यक म्हणून नेमणूक झाली. नुसत्या विनंतीच्या पत्राला जे जमले नाही, ते कामाच्या वानगीने केले. ऐकलेले समजते, नीट मांडता येते आणि हाताला शिस्त आहे, या तिन्ही गोष्टी त्या एका पुस्तकाने सिद्ध केल्या.

तिसरे उदाहरण आपल्याच देशातील. श्रीनिवास रामानुजन एफ. ए. च्या परीक्षेत नापास झालेले होते. म्हणजे दाखल्याची वाट त्यांना बंद होती. फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनीसाठी अर्ज केला, तेव्हा शिक्षण कोठे थांबले हे त्यांनी सरळ सांगितले आणि सोबत एका प्राध्यापकाचे शिफारसपत्र जोडले. १ मार्चपासून दरमहा तीस रुपयांवर ते कामास लागले. पुढे १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना लिहिलेल्या पत्रात आपण वर्षाला वीस पौंड मिळविणारे साधे कारकून आहो, हे प्रारंभीच लिहिले आणि मग आपली प्रमेये पुढे ठेवली. त्यांची संख्या सुमारे १२० होती. त्याआधी केंब्रिजच्याच दुसऱ्या दोघा गणितज्ञांना लिहून काही निष्पन्न झाले नव्हते. हार्डींनी मात्र ती पाने वाचली, आणि १९१४ साली रामानुजन केंब्रिजला पोहोचले.

आपल्या मुलांची तुलना या पुरुषांशी करावी असा आमचा हेतू नाही. सांगावयाचे ते इतकेच की, स्वतःला मांडण्याची कला ही आजच्या यंत्रयुगाची लहर नव्हे. ओळख नाही आणि दाखलाही अपुरा आहे, अशा माणसाचे ते जुने व प्रतिष्ठित साधन आहे.

आजची साधने

विसाव्या शतकाच्या अखेरीस या कलेला स्वतंत्र नाव मिळाले. अमेरिकेत टॉम पीटर्स यांनी १९९७ साली एका मासिकात लेख लिहून प्रत्येक माणूस हा स्वतःच एक छाप, म्हणजे ब्रँड आहे, असा विचार मांडला. त्याच वर्षी भारतात नोकरी डॉट कॉम सुरू झाले. २००३ साली लिंक्डइन आले. केंद्र सरकारने २०१५ साली राष्ट्रीय करिअर सेवा हे संकेतस्थळ उघडले. टपालपेटीची जागा संगणकाने घेतली आणि एका जागेसाठी येणाऱ्या अर्जांची संख्या इतकी फुगली की, ते सारे वाचणे माणसाच्या आवाक्याबाहेर गेले.

म्हणून पुष्कळ मोठ्या कंपन्यांत आज अर्ज प्रथम संगणकप्रणाली चाळते. जाहिरातीत मागितलेली कौशल्ये अर्जात सापडतात की नाही, हे ती पाहते. त्यामुळे जाहिरात दोनदा वाचून, त्यातील जे आपल्याला खरोखर येते ते त्याच शब्दांत लिहावे. नक्षीदार चौकटी, रंगीत पट्टे टाळावेत; साधी मांडणी यंत्रालाही वाचता येते व माणसालाही. नावाचे इंग्रजी स्पेलिंग गुणपत्रिकेत, आधारपत्रात व अर्जात एकच असावे. आपल्याकडे पुष्कळांची अडचण येथेच होते. "मेहनती, प्रामाणिक, होतकरू" अशी विशेषणे लिहून काही साधत नाही. "दुकानाचा दोन वर्षांचा हिशेब संगणकावर आणला" हे एक वाक्य दहा विशेषणांना भारी आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या घरांत बायोडाटा हा एकच शब्द लग्नासाठीही वापरतात आणि नोकरीसाठीही. आणि पुष्कळदा एकाच्या साच्यात दुसरा ओतला जातो. कुल, गोत्र, देवक, उंची, वर्ण, वडिलांचा हुद्दा, भावंडांची संख्या हे सारे वधूवर सूचक मंडळाच्या वहीत शोभते. नोकरीच्या अर्जात या माहितीचे काही प्रयोजन नाही. काम काय येते, कोठे केले, त्यातून काय निष्पन्न झाले, एवढेच तेथे हवे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांस खुले झाले आणि सुबक इंग्रजीत अर्ज लिहून देणारा लेखनिक प्रत्येकाच्या हाती आला. ज्याची भाषा कच्ची, त्याला ही मोठीच सोय. पण पत्रलेखनाच्या पुस्तकांनी जे केले होते, तेच यानेही केले आहे : साऱ्यांचे अर्ज पुन्हा एकसारखे गुळगुळीत झाले. म्हणूनच आज वानगीला पूर्वीपेक्षा अधिक किंमत आहे. संगणकाचे काम करणाऱ्याने आपण रचलेली प्रणाली दाखवावी. आरेखकाने नकाशे, भाषांतरकाराने चार पाने, वीजतंत्रीने आपण जोडलेल्या पॅनेलची छायाचित्रे दाखवावीत. मात्र पूर्वीच्या मालकाचे गुपित कागद वानगी म्हणून दाखवू नयेत. असे दाखविणाऱ्यावर नवा मालक तरी विश्वास कसा ठेवील? आणि नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याच्या वाटेस कधीही जाऊ नये. जुन्या मुकादमाची दस्तुरी निदान काम तरी मिळवून देई. आजचे हे भामटे तेवढेही करीत नाहीत.

ज्ञातीने काय करावे

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ओळखीचे दिवस खरोखर गेले काय? तसे नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातील नोकरदारांची पाहणी करून १९७३-७४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतूनच लागली होती. परंतु ती ओळख बहुतेकांच्या बाबतीत जवळच्या माणसाची नव्हती; क्वचित भेटणाऱ्या, दूरच्या परिचिताची होती. कारण उघड आहे. जवळच्या माणसाला जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दूरचा माणूस आणतो. लिंक्डइनवरील दोन कोटींवर सभासदांची माहिती घेऊन केलेले एक संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले, त्यातही फार निकटच्यांपेक्षा बेताच्या परिचयाचीच माणसे अधिक उपयोगी पडल्याचे दिसले.

दुसरे संशोधन तर थेट आपल्या उंबरठ्यावरचे आहे. कैवान मुन्शी व मार्क रोझेन्झवाइग या अर्थशास्त्रज्ञांनी मुंबईतील दादर भागात मराठी ज्ञातींच्या कुटुंबांची पाहणी करून २००६ साली निबंध प्रसिद्ध केला. ज्या ज्ञातींत कामगारी नोकऱ्या ज्ञातीच्या ओळखीने मिळत आल्या होत्या, तेथे मुलगे त्याच ठरलेल्या वाटेने जात राहिले. १९९० नंतर नव्या प्रकारच्या नोकऱ्यांत पगार वाढले, तरीही त्यांची शाळेची निवड फारशी बदलली नाही. त्याच घरांतील मुलींना मात्र या ओळखींचा लाभ पूर्वी कधी मिळालाच नव्हता. म्हणून त्या मोकळ्या होत्या, आणि नव्या शिक्षणाकडे त्या भावांच्या पुढे गेल्या. त्या निबंधात प्रश्न मराठी व इंग्रजी शाळांचा आहे. मातृभाषेतील शिक्षण कमी प्रतीचे, असा अर्थ त्यातून आम्ही काढीत नाही. पण ज्या आधाराने वडिलांना उभे केले त्यानेच मुलाला जागच्या जागी बांधून ठेवले, ही गोष्ट प्रत्येक ज्ञातिसंस्थेने मनाशी घोळवावी अशी आहे.

तिसरी गोष्ट अप्रिय आहे, परंतु टाळता येत नाही. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, केवळ नावे निराळी असलेले अर्ज पाठवून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन तृतीयांश होता आणि मुस्लिम नावाच्या अर्जदाराला तर सुमारे एक तृतीयांश. म्हणजे आडनाव ही अजूनही न मागता जोडलेली शिफारस आहे. कोणाच्या बाजूची, तर कोणाच्या विरुद्धची. आपण आपल्या मुलासाठी ज्ञातीचे वजन वापरतो, तेव्हा त्याच रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाचे तरी मूल मागे सरते, याचा विसर पडू नये.

मग ज्ञातिसंस्थेने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. शिफारस देण्याऐवजी वानगी तयार करण्यास तिने साहाय्य करावे. आमच्या मते त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. आपल्या सभासदांपैकी जे निरनिराळ्या व्यवसायांत आहेत त्यांची वही ठेवावी; ती नोकरी लावून देण्यासाठी नव्हे, तर त्या कामाचे खरे स्वरूप एखाद्या मुलीला वा मुलाला तासभर समजावून सांगण्यासाठी. वर्षातून तीन-चार रविवारी सभागृहात मुलाखतीचा सराव घ्यावा, आणि समोर नातलग न बसविता परके परीक्षक बसवावेत. गुणगौरव समारंभात टक्क्यांबरोबरच एखादे हातून झालेले काम, यंत्र, नकाशा, लेख वा हिशेब, मांडून ठेवण्यास जागा द्यावी. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे या साऱ्याचे दार शेजारच्या वस्तीतील इतर ज्ञातींच्या मुलांनाही उघडे ठेवावे. त्यात औदार्य आहेच, पण शहाणपणही आहे. कारण नवी बातमी दूरच्या माणसाकडूनच येते, हे आपण वर पाहिलेच.

आपल्या पूर्वजांनी शिफारस दिली ती त्यांच्याजवळ देण्यासारखे तेवढेच होते म्हणून. पुढच्या पिढीने शाळा काढल्या, शिष्यवृत्त्या ठेवल्या, वसतिगृहे बांधली आणि मुलांच्या हाती दाखला दिला. आता तिसरे देणे आपल्याकडे आले आहे. मुलाने वा मुलीने कोणाचेही नाव न घेता, पण स्वतःच्या कामाची ओंजळ पुढे करून परक्या दारात ताठ उभे राहावे, एवढी तयारी त्यांची करून देणे हे ते देणे होय. ते फेडण्यास सभागृह आहे, रविवार आहेत आणि अनुभवी माणसेही आहेत. येत्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला स्थान मिळावे, अशी कार्यकारी मंडळास व सर्व ज्ञातिबंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.